आधी वाचा, मग पेन

माणसाचे वर्णन करणे हा माझा व्यवसाय आहे. गेली तीस वर्षे अमरावतीच्या तहसील आवारात निंबाच्या झाडाखाली बसून मी माणसे कागदावर उतरवीत आलो आहे: वय अमुक, धंदा तमुक, राहणार अमक्या गावी. शिक्षण माझे नववीपर्यंत. परंतु माझ्या अर्जातील मायना वाचून एका नायब तहसीलदारांनी खुर्चीतून उठून मला नमस्कार केला होता, ही गोष्ट आवारात सर्वांना ठाऊक आहे. या तीन रकान्यांत न मावलेली व्यक्ती मला एकच भेटली. वय एकावन्न, धंदा मुद्रांक विक्री, राहणार अमरावती, असे कुसुमताई राऊतांचे वर्णन मी करू शकतो. ते खरेही ठरेल, आणि त्यात कुसुमताई कोठेही नसतील.

त्यांचे टेबल माझ्या टेबलाला लागून होते. त्या स्थिर बसत नसत. सकाळी त्यांची खुर्ची निंबाच्या पश्चिमेस असे, दुपारी पूर्वेस, आणि मधल्या वेळात ती पाच-सहा जागा बदले. बसल्या तरी उजवा पाय टेबलाखाली सारखा हलत राही. दोन टेबले एकमेकांस चिकटलेली असल्यामुळे त्यांच्या पायाबरोबर माझा शिक्का इंचाइंचाने सरकत जाऊन खाली पडे. मी तो उचलून ठेवी. "ताई, पाय," एवढेच म्हणे. "हो भाऊ," असे म्हणून त्या पाय थांबवीत, आणि मग बोटे टेबलावर वाजवू लागत.

त्यांच्याजवळ एक निळे पेन दोऱ्याने बांधलेले असे. आवारात येणारा मनुष्य पेन विसरून येतो, हा अलिखित नियम आहे. माझी पेने मी कोणास देत नाही. त्यामुळे सही करणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोर हात पसरी. त्या पेन मुठीत धरून ठेवीत.

"आधी वाचा, मंग पेन."

एकदा अंजनगाव सुर्जीचे एक पानमळेवाले गृहस्थ आले. पांढरे कपडे, बोटात दोन अंगठ्या, बस पकडण्याची घाई.

"बाई, पेन द्या."

"वाचलं का?"

"वकिलानं वाचलं ना."

"मंग जेवाले बी वकिलालेच पाठवा. तुमचं पोट भरन घरबसल्या."

आजूबाजूचे हसले. गृहस्थ रागाने खाली बसले आणि ओठ हलवीत वाचू लागले. तिसऱ्या ओळीवर त्यांचे ओठ थांबले. "इथं माह्या जागी माह्या भावाचं नाव काहून हाय?" ते म्हणाले. तो कागद मी लिहिलेला नव्हता, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

मला त्यांची ही रीत पसंत नव्हती, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. आमचा धंदा वेगावर चालतो. साहेबाच्या टेबलावर कागद गेला की साहेब काहीतरी विचारतो. मी माझ्या पक्षकारांस प्रथमपासून एकच शिकवण देत आलो: साहेबाने विचारले की "होय" म्हणावे. "नाही" म्हटले की फाईल परत फिरते. या शिकवणीवर माझ्या हातून कित्येक कामे पार पडली.

आता त्यांच्या घरच्या एका यंत्राविषयी.

कुसुमताईंच्या मुलीला पुण्यास नोकरी लागली. तिने तेथे नवे घेतले आणि आपला जुना टीव्ही गेम आईकडे ठेवून गेली. पन्नाशी उलटलेल्या बाईने रिमोट हाती घेऊन टीव्हीवर ट्रक चालवावेत, हे मला प्रथम खरे वाटले नाही. एकदा त्यांच्या घरी गेलो असता त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात ते काळे यंत्र पालथे पडले होते, आणि रंगाच्या बारीक ब्रशने त्या त्याच्या पंख्यातील धूळ काढीत होत्या.

"आपल्याकडची धूळ म्हंजे काळ्या मातीची, भाऊ. पिकाले चांगली, पंख्याले वाईट. पंखा बसला की मशीन तापते, तापली की मधातच बंद."

मग त्यांनी मला त्याची पाठ दाखविली. नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तशा त्या एकेक भोकावर बोट ठेवून सांगत गेल्या. हे एचडीएमआय, यातून चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीत जातात. हे लॅनचे. हे यूएसबीचे, येथे बाहेरची हार्ड डिस्क लावायची. प्रत्येक वायरीला त्यांनी सुती दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती आणि तीवर बॉलपेनने नाव लिहिले होते. लॅनची वायर इंटरनेटच्या डबीपासून निघून झरोक्यातून, देवघराच्या मागून, पदर खोचावा तशी भिंतीला खोचत आणली होती.

"बिनतारी चालते ना?" मी माझे ज्ञान दाखविले.

"चालते. पण शेजारच्यानं मिक्सर लावला की माहा ट्रक खड्ड्यात. हवेवर माहा भरोसा नाई. तार असली की मले समजते, कोण कुठं जोडलेलं हाय."

सगळ्यांत अधिक चिंता त्यांस जागेची असे. यंत्राच्या पोटातील जागा. एक खेळ केवढा असतो आणि दर काही दिवसांनी तो आणखी कसा फुगतो, याचा हिशेब त्यांच्या जिभेवर होता. नको ते त्या निर्दयपणे पुसत. मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून म्हणालो की, महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात: एक मूळ, एक सत्यप्रत, एक आपल्या फाईलला. त्यांनी मान हलविली. "एक वस्तू दोन जागी ठेवली की माणूस दोन्हीकडं निष्काळजी होते, भाऊ. एकच ठेवावी. मंग जीव तिच्यापाशी राह्यते."

हा विचार चुकीचा आहे असे माझे तेव्हा मत होते. आजही आहे.

त्या एकट्या खेळत नव्हत्या. अकोल्यास त्यांची धाकटी बहीण शालू. तिच्या मुलानेही असेच यंत्र घेऊन ठेवले होते. दुपारी मुलगा कॉलेजात आणि नवरा दामोदरराव दुकानात गेले की शालू अकोल्यातून आणि कुसुमताई अमरावतीतून, जेवणाच्या सुटीत घरी जाऊन, एकाच डोंगरातल्या रस्त्यावर दोन ट्रक चालवीत. डोक्याला हेडफोन लावून बोलत. शेतीचाही खेळ होता, पण माळ्याच्या लेकींनी टीव्हीवर वांगी काहून लावायची, असे दोघींचे मत पडले.

फोनवर का बोलत नाही, असे मी विचारले तेव्हा त्यांचा पाय टेबलाखाली जोराने हलू लागला. बहिणीच्या नवऱ्याला त्या पाहुणे म्हणत.

"पाहुणे फोन पाहतात तिचा. माह्यासंगं बोलली की घरात भांडण. मशीनीकडं कोणी पाहत नाई. बाई टीव्ही गेम खेळून राह्यली, खेळू द्या म्हनतात."

भांडणाचे मूळ चांदूर बाजारजवळील संत्र्याच्या बगीच्यात होते. तो त्यांच्या वडिलांचा. वडील गेल्यावर दामोदररावांनी कुसुमताईंस अमरावतीस आणून एका कागदावर सही घेतली. वारसनोंदीचा कागद आहे असे सांगितले. तो हक्कसोड होता. बगीचा एकट्या शालूच्या नावावर झाला.

तो कागद माझ्या उस्तादांनी लिहिला होता. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा होतो. कुसुमताई तेवीस वर्षांच्या. त्यांनी विचारले होते, "काय हाय हे?" आणि सहीच्या जागेवर बोट ठेवून मी म्हणालो होतो, "नेहमीचंच. इथं करा." त्यांना ते आठवत होते की नाही, हे मला अनेक वर्षे कळले नाही. परवाना मिळाल्यावर त्यांनी टेबल नेमके माझ्याच शेजारी का मांडले, हेही मी कधी विचारले नाही.

गतसाली एके दिवशी त्या आवारात आल्या आणि बसल्याच नाहीत. निंबाभोवती एक फेरी मारली, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, पुन्हा फेरी मारली.

"भाऊ, शाली बोलली."

झाले होते असे. आदल्या दुपारी दोघी ट्रक चालवीत असता शालू आपणहून म्हणाली: "कुसे, तुही सही आमी खोटं सांगून घेतली. अर्धा बगीचा तुहाच हाय. मले माहीत हाय." हे ऐकून कुसुमताईंचा हात सुटला आणि त्यांचा ट्रक दरीत गेला. शालू एवढी हसली की कुसुमताईंनी ती गंमत ठेवावी म्हणून रिमोटवरचे बटण दाबले. त्या बटणाने मागची काही मिनिटे चित्रासकट, आवाजासकट यंत्रात जमा होतात. ट्रकची गंमत ठेवायला गेल्या आणि बहिणीची कबुली जमा झाली.

मी त्यांस घेऊन वकिलांकडे गेलो. वकील म्हणाले, मुदतीचा अडथळा आहे, परंतु ही नोंद असेल तर दाव्यात जीव आहे. नोंदीतील शब्द जसेच्या तसे लिहून आणा, आणि ती ज्या उपकरणात आहे त्याचे वर्णन जोडा.

ते वर्णन मी जे लिहिले, त्याबद्दल मला आजही अभिमान आहे. "सदर यंत्र काळ्या रंगाचे असून त्याचे पाठीमागील बाजूस चित्रवाहिनीस जोडावयाचे एक, आंतरजालाचे एक व बाह्य साठवणीचे दोन असे मार्ग आहेत. यंत्राचे अंतर्गत साठवणुकीत जागा शिल्लक नसल्याने सदर नोंद बाह्य हार्ड डिस्कवर नेण्यात आली असून ती अन्यत्र कोठेही नाही." शेवटचे वाक्य लिहिताना मी थबकलो.

"ताई, दुसरी प्रत करा. मी हात जोडतो."

"करतो," त्या म्हणाल्या. केली नाही.

तीन आठवडे असे गेले. रोज मी विचारी, रोज त्या "उद्या" म्हणत. मुद्रांकावर नाव चुकीचे लिहिण्याचा प्रकार त्यांच्या हातून त्याच काळात प्रथमच घडला. एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, "दावा लागला म्हंजे पाहुण्यांले समजन ना, आमी कशावर बोलतो ते?"

"समजणारच. पण बगीचा मिळेल."

"मिळन," त्या म्हणाल्या आणि खुर्ची उचलून सावलीतून उन्हात घेऊन गेल्या.

शेवटी वकिलांनी दिवस ठरवून दिला. शब्द उतरवून घेण्यासाठी आम्ही आवारासमोरील सलीमभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात जमलो, कारण तेथे क्रिकेटसाठी भिंतीवर टीव्ही लावलेला होता. कुसुमताईंनी पिशवीतून यंत्र काढले. चिठ्ठ्या वाचून एकेक वायर लावली. मी कागद-पेन सरसावून बसलो. शेवटी हार्ड डिस्क यूएसबीला लावली, तेव्हा पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या. खाली दोन चौकटी.

कुसुमताई पडद्यावरचे प्रत्येक अक्षर मोठ्याने, बोट फिरवीत वाचीत. त्या दिवशी त्या गप्प राहिल्या. मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. तो रिमोट हाती आल्यापासून त्यांनी कोणालाही, सख्ख्या मुलीलाही, दिलेला नव्हता.

"तुमीच पाहा, भाऊ. तुमाले इंग्रजी येते."

मला इंग्रजी येते. अर्जापुरते येते. मी ओळी वाचल्या. त्यात साठवण, खेळ आणि तयार असे शब्द मला लागले. यंत्र काहीतरी विचारीत होते. विचारले की काय म्हणावे हे मला ठाऊक होते. मी होय दाबले. यंत्राने पुन्हा विचारले. मी पुन्हा होय दाबले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मला ते यंत्र एखाद्या कटकटी अव्वल कारकुनासारखे वाटले, आणि मी जरा जोरातच दाबले.

पडद्यावर एक पट्टी भरत गेली.

"अरे भाऊ!" सलीमभाई काउंटरवरून ओरडले. "ये क्या किया? फॉरमॅट मार दिया पुरा! तीन बार पूछा उसने!"

त्यानंतरच्या क्षणाचे वर्णन करण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. मी कुसुमताईंकडे पाहण्याचे टाळून त्यांच्या पायाकडे पाहिले. पाय हलत नव्हता. त्या सलीमभाईंच्या स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही पावले फरशीवर टेकलेली. मग उठून त्यांनी वायरी काढल्या, गुंडाळल्या, ज्याच्या त्याच्या दोऱ्याने बांधल्या.

"जाऊ द्या, भाऊ. चहा पाजा."

मी चहा पाजला.

हार्ड डिस्क त्या सलीमभाईंच्या काउंटरवरच विसरून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी कोणास न सांगता ती घेतली आणि पहिल्या बसने अकोल्यास गेलो. तेथे बसस्थानकामागे यंत्रातून पुसलेले परत काढून देणारा एक कारागीर आहे, असे ऐकले होते. त्याने डिस्क लावून दोन तास पाहिले. माझा जीव त्याच्या पंख्याबरोबर फिरत होता. अखेरीस तो म्हणाला, "काका, नशीबवान हाय तुमी. वरवरचं पुसलंय. आतमधी हाय अजून. परवा हे घेऊन या, काढून देतो. मालकालेबी संगं आणा, त्यायची मंजुरी लागन. अन् यात काही भरू नका. भरलं की गेलं."

मी तशीच ती छातीशी धरून अमरावतीस परत आलो. सरळ त्यांच्या घरी गेलो. दारातच सर्व सांगितले. एवढ्या वर्षांत मी कोणाचे काम इतक्या आनंदाने केले नव्हते.

कुसुमताईंनी डिस्क हातात घेतली. उलटसुलट पाहिली.

"भाऊ, मी वाचलं होतं."

"काय?"

"पडद्यावरचं. पुसल्या जाईन म्हून लिहून होतं. तीनदा."

मी उंबऱ्यावरच बसलो. माझ्या मनात प्रथम राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या दोषाचे ओझे त्यांनी मला वाहू दिले होते.

"मंग मले काहून दाबू दिलं?" माझ्या तोंडून घरची भाषा निघून गेली.

"माह्या हातानं होत नव्हतं." त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "पहिल्या दिवशी शालीनं हेडफोन लावला ना, तवा मशीननं तिले इचारलं होतं, तुहा आवाज दुसऱ्याच्या मशीनीत जमा झाला तं चालन का. मले म्हने, कुसे, इंग्रजीत काई तरी इचारून राह्यलं, मी होय करून टाकलं. तिनं वाचलं नव्हतं, भाऊ. तिच्या न वाचलेल्या होकारावर मी कोर्टात जाऊ? मंग माह्यात अन् पाहुण्यात फरक काय?"

डिस्क मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "अन् माह्यात अन् तुमच्यात?"

त्यांना सर्व आठवत होते.

त्यांनी यंत्र सुरू केले, डिस्क लावली, आणि ट्रकचा तो खेळ, सगळ्यांत मोठा, तीवर भरावयास लावला. पडद्यावर पुन्हा ती पट्टी. आम्ही दोघे ती काठोकाठ भरेपर्यंत बसून होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "बगीचा मले पाह्यजेच. बापाचा हाय. उद्या अकोल्याले जातो अन् तिच्या दारात उभी राहून तोंडानं मागतो. दिला तं दिला."

त्या गेल्या. निंबाखालचे टेबल त्यानंतर उघडले नाही. माझा शिक्का आता ठेवला तेथेच राहतो.

दोन-एक महिन्यांनी एका पक्षकाराच्या कामाने मी चांदूर बाजारच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर कुसुमताई दिसल्या. शेजारी त्यांच्याच नाकाची, जरा स्थूल अशी बाई. ती शालू, हे कोणी सांगावयास नको होते. शालूच्या मांडीवर कागद होता. माझी दृष्टी अधू नाही. अर्ध्या बगीच्याचे बक्षीसपत्र, लिहून देणार शालू, लिहून घेणार कुसुम, एवढे मी लांबून वाचले. मसुदा हाताने लिहिलेला, अक्षर कुसुमताईंचे. मायन्यात दोन चुका होत्या. मी पुढे झालो नाही.

"दे ना व पेन," शालू म्हणाली. "माहीत हाय मले काय लिहून हाय ते."

"वाच."

"कुसे, माह्यावर भरोसा नाई का तुहा?"

"तुह्यावर हाय. वाच."

बाकावर ठेवलेला शालूचा फोन थरथरू लागला. पडद्यावर दामोदररावांचे नाव होते. तो वाजत वाजत बाकाच्या कडेपर्यंत सरकला, थांबला, पुन्हा वाजू लागला. घाईने एक सही उरकली असती तर काम झाले असते. वाचावयास लावले तर वेळ जाणार, फोन उचलला जाणार, मन फिरणार. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, असल्या वेळी मी कागदावर बोट ठेवून "इथं करा" म्हटले असते.

माझ्या पक्षकाराने आतून हाक मारली आणि मला जावे लागले. सही झाली की नाही, हे नोंदवहीतून सहज पाहता येईल. मी पाहिलेले नाही. वळून पाहिले तेव्हा शालूचे बोट चौथ्या ओळीवर होते आणि ओठ हलत होते. फोन वाजत होता. निळे पेन कुसुमताईंच्या मुठीत होते, दोऱ्यासकट, आणि त्यांचे दोन्ही पाय स्वस्थ होते.